जमीन किती तापू द्यायची? कोरडवाहू फळबागेतली हवा, माती आणि खत : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवे घाट चढून वर आलं की पुण्याचा पाऊस मागे राहतो. शहरात वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पडतो, पुढे दौंड, बारामती, इंदापूरकडे जाल तसा तो पाचशेपर्यंत उतरतो. या पट्ट्यात माझी सीताफळाची आणि थोडी अंजिराची बाग आहे. प्रश्न विचारणारे दोन प्रकारचे असतात. एक, पिढ्यान्पिढ्या इथेच राबणारे शेजारी. दुसरे, पुण्यात नोकरी करून शनिवार-रविवारी दोन एकरांवर येणारे. गंमत म्हणजे दोघांचेही प्रश्न फिरून त्याच जागी येतात, म्हणून एकदाच लिहून ठेवतो.

वडील सांगायचे, रान जितकं तापेल तितकं पिकेल. मग तुम्ही बागेत पाचट (उसाची वाळलेली पानं) पसरायला का सांगता?

वडील बरोबरच सांगत होते, पण ते बाजरी-ज्वारीच्या मोकळ्या रानाबद्दल. उन्हाळी नांगरटीने ढेकळं उलटतात, हुमणीच्या अळ्या आणि किडींचे कोष वर येतात. काही बगळे-साळुंक्या वेचतात, काही उन्हात मरतात. तणांच्या काशा सुकतात. शिवाय कडक तापलेली माती पहिल्या पावसात भिजली की अन्नद्रव्यं मोकळी होतात (त्याबद्दल खाली सविस्तर). त्या रानात एप्रिल-मे महिन्यांत जिवंत मूळच नसतं, त्यामुळे तापून कुणाचं नुकसान होत नाही.

बागेत तसं नाही. डाळिंब, सीताफळ, अंजीर यांची एखाद-दुसरी मुळी खोल मुरमात जाते हे खरं, पण खत उचलणारी पांढरी मुळी बहुतेक वरच्या फूट-दीड फुटातच असते. तेवढाच थर सर्वांत जास्त तापतो. तापू द्यायची ती मोकळी जमीन, झाडाखालची झाकायची. एवढं लक्षात राहिलं तर पुढची निम्मी उत्तरं वाचली नाहीत तरी चालेल.

बातम्यांत ४० अंश सांगतात, तेव्हा माझ्या मातीचं तापमान किती असतं?

बातम्यांतलं तापमान हवेचं असतं, तेही जमिनीपासून चार-पाच फुटांवर, सावलीच्या पांढऱ्या झडपांच्या पेटीत मोजलेलं. उघड्या, कोरड्या मातीचा वरचा पापुद्रा अशा दुपारी ५५ ते ६० अंशांवर जाऊ शकतो. चप्पल काढून दोन पावलं टाकून पाहा, आकडा सांगावा लागणार नाही.

मात्र ही झळ एकदम खाली उतरत नाही. जितकं खोल जाल तितकी ती मंद होते आणि उशिरा पोचते. साधारण हिशेब असा: पृष्ठभाग दुपारी एक-दीडला सर्वांत गरम, १० सेंटिमीटरवर तीनेक तास उशिरा म्हणजे साडेचार-पाचला, २० सेंटिमीटरवर संध्याकाळी साडेसात-आठला, आणि फूटभर खाली तर रात्री अकराच्या पुढे. म्हणजे तुम्ही अंगणात बाज टाकून गार वाऱ्यात पडलेले असता तेव्हा मुळांची दुपार चालू असते. फुटाच्या खाली दिवस-रात्रीचा फरक जवळजवळ संपतो, उरतो तो फक्त ऋतूचा.

हे घरी मोजता येतं का?

येतं. स्वयंपाकात वापरतात तो टोकदार सळईचा डिजिटल थर्मामीटर पुरे. आधी जाड खिळ्याने किंवा सळईने भोक पाडा, नाहीतर मुरमात टोक वाकतं. माझे दोन असेच गेले. मोजताना ५, १० आणि २० सेंटिमीटर खोली धरा, कारण कृषी हवामान केंद्रांवरही याच खोलीवर, सकाळी सात आणि दुपारी दोन वाजता मातीचं तापमान नोंदवतात. एकदा आच्छादनाखाली, एकदा उघड्यावर. मे महिन्याच्या दुपारी ५ सेंटिमीटरवर आठ-दहा अंशांचा फरक सहज दिसतो. तो पाहिल्यावर माझ्या या पानाची गरज उरत नाही.

काळी जमीन जास्त तापते की मुरमाड?

रंगाने पाहिलं तर काळी, कारण ती ऊन परत फेकत नाही. पण रंगापेक्षा ओल मोठी. ओल्या मातीला तापवायला जास्त उष्णता लागते, आणि तिच्यातलं पाणी वाफ होताना आणखी उष्णता ओढून नेतं. एक लिटर पाणी वाफ करायला जितकी उष्णता लागते तितक्या उष्णतेत साडेपाच लिटरांहून जास्त पाणी शून्य अंशापासून उकळीपर्यंत येईल. माठ का गार राहतो तेच कारण. काळी जमीन ओल धरून असेपर्यंत थंड राहते. एकदा वाळली की मात्र दुहेरी मार देते: तापते आणि भेगाळते. भेग म्हणजे नुसती फट नव्हे, ती खालच्या ओलीला उघडलेली खिडकी असते, आणि आकसताना तिच्यात बारीक मुळ्या तुटतात. म्हणून काळ्या रानात फेब्रुवारीतच वरवर कुळवणी करून भेगा बुजवायच्या. आमच्याकडे म्हणतात, एक कुळवणी म्हणजे अर्धं पाणी. 

मुरमाड जमीन पाणी धरत नाही, लवकर कोरडी होते आणि लवकर तापते. रात्री निवतेही लवकर. तिच्यात दिवस-रात्रीचा झोका मोठा. पण सीताफळ आणि अंजिराला निचरा लागतो, त्यामुळे पुरंदरचं अंजीर या हलक्या जमिनीवरच नावारूपाला आलं आणि २०१६ मध्ये त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. मुरमावरचे गोटे-दगड वेचून बांधावर टाकायची घाई करू नका. आळ्यात, म्हणजे झाडाभोवतीच्या खोलगट वर्तुळात, पसरलेले दगड बाष्पीभवन अडवतात. बारामतीजवळ माळेगाव खुर्दला २००९ मध्ये सुरू झालेली अजैविक ताण व्यवस्थापनाची राष्ट्रीय संस्था मुद्दाम अशाच दगडाळ मुरमावर उभी आहे; जमलं तर एकदा जाऊन या.

माती किती तापली की झाड थांबतं?

आपल्या फळझाडांची मुळी साधारण २५ ते ३० अंशांत सुखाने चालते. ३५च्या पुढे मंदावते. ४०च्या वर काही तास राहिलं की कोवळी पांढरी मुळी तपकिरी पडू लागते. खाली १५च्या आत गेलं तरी ती सुस्तावते. ठिबक चालू असूनही एप्रिलच्या दुपारी पानं मलूल दिसतात, तेव्हा लोक पाणी वाढवतात. पाणी असतं, ते ओढणारी मुळी भाजलेली असते.

वळवाचा एक पाऊस झाला की बाग एकदम हिरवी होते. विजेच्या पावसात नत्र असतं म्हणतात, खरं का?

असतं, पण थोडं. वर्षभराच्या पावसातून हेक्टरी काही किलो. त्या हिरवेपणाचं खरं कारण आभाळात नाही, पायाखाली आहे.

उन्हाळ्यात वाळलेल्या मातीत असंख्य सूक्ष्मजीव मरतात, उरलेले निपचित पडतात. मातीचे कण आकसून फुटतात आणि आतला सेंद्रिय भाग उघडा पडतो. त्यावर पाणी पडलं की जिवंत उरलेले जीवाणू या तयार जेवणावर तुटून पडतात. दोन-चार दिवसांत कर्बवायूचा लोट निघतो आणि नत्र मोकळं होतं. पहिल्या पावसाचा तो वास येतो ना, त्यामागेही मातीतले जीवच. एच. एफ. बर्च यांनी १९५८ मध्ये या झटक्याचा नीट अभ्यास मांडला, म्हणून शास्त्रात त्याला त्यांचं नाव आहे. आपल्या आज्यांना नाव माहीत नव्हतं, पण 'पहिल्या पावसाचं खत' म्हणून त्या ओळखत होत्या.

अडचण एवढीच की हे फुकटचं नत्र थांबत नाही. मुळी जागी असेल तर झाड उचलतं. नसेल तर मृगाच्या जोरदार सरीत ते मुरमातून खाली निघून जातं, किंवा काळ्या रानात पाणी साचलं तर वायू होऊन उडतं. म्हणून आच्छादनाखाली मुळी जिवंत ठेवलेली बाग आणि उघडी तापलेली बाग यांच्यातला फरक जूनच्या दुसऱ्या आठवड्यात दिसतो.

मग पावसाच्या आधीच युरिया टाकून ठेवला तर?

नका टाकू. आपल्या बऱ्याच जमिनी चुनखडीच्या, सामू (pH) आठच्या वर. अशा गरम मातीच्या पाठीवर युरिया फेकला आणि थोडी ओल मिळाली की त्याचा अमोनिया होऊन हवेत जातो. नाकाला झोंबतो तो तुमचाच पैसा. वापसा आल्यावर (चिखल ओसरून माती हाताळण्याजोगी झाली की), मातीत मिसळून, दोन-तीन हप्त्यांत द्या. 'पाऊस येणार' अशा अंदाजावर खत पसरणारे आणि मग पंधरा दिवस आभाळाकडे बघणारे दर वर्षी भेटतात. मीही त्यांच्यात होतो.

दर वर्षी शेणखत घालतो, तरी माती परीक्षणाच्या अहवालात सेंद्रिय कर्ब जागचा हलत नाही. शेणखत खोटं की प्रयोगशाळा?

दोन्ही खरी, हिशेब करून बघू. एक एकराचा वरचा १५ सेंटिमीटर थर म्हणजे सुमारे ८०० टन माती. तिच्यात कर्ब ०.१ टक्क्याने वाढवायचा तर ८०० किलो कर्ब तिथे टिकून राहायला हवा. तुम्ही घातलं पाच टन शेणखत. त्यात निम्म्याच्या आसपास पाणी, उरलेल्यात चतुर्थांशाच्या जवळपास कर्ब, म्हणजे सहाशे-सातशे किलो. आपल्या हवेत वर्षभरात त्यातला दोन-तृतीयांश तरी जीवाणू खाऊन टाकतात. उरले दोनेकशे किलो, म्हणजे ०.०२-०.०३ टक्के. अहवालात एवढा फरक दिसतच नाही.

इथे तापमान पुन्हा येतं. ओल असेल तर माती दहा अंशांनी गरम झाली की कुजण्याचा वेग साधारण दुप्पट होतो. 'ओल असेल तर' हे शब्द महत्त्वाचे. कोरड्या तापलेल्या रानात जीवाणू झोपलेले असतात, तिथे कर्ब फार जळत नाही. सर्वांत वेगाने जळतो तो ठिबकच्या खालच्या ओल्या आणि उघड्या आळ्यात, मार्च ते मे. म्हणजे ज्या जागेवर आपण सर्वांत जास्त शेणखत ओततो तीच आपली चूल असते. त्या जागेवर सावली केली की खत जास्त दिवस पुरतं. माझ्या मते ज्याच्याकडे शेणखताला पैसे कमी आहेत त्याने आधी आच्छादन करावं. उलटा क्रम महाग पडतो.

आणि निराश होऊ नका. ०.५ टक्के कर्बाच्या एकरभर मातीत साडेतीनशे ते चारशे किलो नत्र साठलेलं असतं. त्यातलं दोन-तीन टक्के दर वर्षी मोकळं होतं. हा व्याजावर जगणारा ठेवा आहे, मुद्दल मोडायचं नाही.

पाचट टाकलं की वाळवी लागते आणि झाडं पिवळी पडतात, हा आमचा अनुभव आहे.

अनुभव खोटा नाही, पाचट टाकायची पद्धत तपासा. उसाच्या पाचटात कर्ब भरपूर आणि नत्र फार कमी, एकास शंभराच्या जवळपास. ते मातीत गाडलं तर कुजवणारे जीवाणू मातीतलं नत्र स्वतःसाठी ओढतात आणि झाड उपाशी राहतं. म्हणून बागेत ते गाडू नका, वर पसरा. दोन-तीन इंच पुरे. लवकर कुजवायचंच असेल तर टनाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि १ किलो जिवाणू संवर्धन, ही जुनी शिफारस आहे.

वाळवीला कोरडं, मेलेलं लाकूड-पालापाचोळा हवा असतो. खोडापासून वीतभर जागा मोकळी ठेवा, खोडावर मातीचे पापुद्रे चढताना दिसले की खरडून काढा, बोर्डोची पेस्ट लावा. पाचट मिळत नसेल तर बांधावर गिरिपुष्प लावा. त्याचा पाला नत्राने भरलेला असतो, झटकन कुजतो आणि त्याच्यावर पिवळेपणाची तक्रार येत नाही.

प्लास्टिकचं आच्छादन चालेल का?

माझी फजिती ऐका. चार वर्षांपूर्वी सीताफळाची नवी रोपं लावली होती. फेब्रुवारीत एका दुकानदाराने काळा प्लास्टिकचा कागद गळ्यात मारला. तण नाही, पाणी कमी, सगळं खरं सांगितलं. मार्चअखेर रोपं दुपारी मान टाकू लागली. माती हाताला ओली लागत होती, म्हणून मी शांत होतो. एप्रिलात एकदा तीन वाजता कागद उचलला आणि हात घातला, तर आंघोळीच्या पाण्यासारखी माती. रोपांच्या मुळ्या तपकिरी, सालपट हाताला सुटणारं. चाळीसेक रोपं गेली. दुकानदार खोटं बोलला नाही, त्याने फक्त उन्हाळ्याबद्दल काही सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही.

काळा कागद हिवाळ्यात भाजीपाल्याला छान, कारण तो माती गरम ठेवतो. उन्हाळ्यात लहान झाडांना वापरायचाच तर चंदेरी-काळा घ्या, चंदेरी बाजू वर. तोही पाचटाने झाकला तर उत्तम. पारदर्शक कागद सर्वांत जास्त तापवतो. तो झाडाखाली कधीच नाही. मात्र मोकळ्या वाफ्यावर किंवा रोपवाटिकेच्या मातीवर, माती ओली करून, कडा गाडून एप्रिल-मेमध्ये चार ते सहा आठवडे घातला की सूत्रकृमी आणि मर रोगाच्या बुरश्या बऱ्याच कमी होतात.

ऊन परत फेकणारी बाजू वर ही कल्पना काही नवी नाही. हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्यात आलं, शिवाजीनगरच्या सिमला ऑफिस चौकाचं नाव त्यातूनच पडलं. तिथे १९३२ पासून एल. ए. रामदास यांच्या नेतृत्वाखाली कृषी हवामानाचं काम सुरू झालं. त्या काळात काळ्या जमिनीवर पांढरी भुकटी पसरून मातीचं तापमान किती उतरतं हे पुण्यातच तपासून झालेलं आहे.

बहारासाठी ताण देताना आळी खणून मुळ्या उघड्या करतात. ते तुमच्या सांगण्याविरुद्ध नाही का?

आहे, आणि मुद्दाम आहे. ताण म्हणजे झाडाने एकदम फुलावर (बहारावर) यावं म्हणून त्याला ठरवून दिलेला त्रास. डाळिंबाला हलक्या जमिनीत महिनाभर आणि भारी जमिनीत चाळीस-पंचेचाळीस दिवस पाणी तोडतात. त्या काळात आच्छादन बाजूला सारायचं, कारण ते असेपर्यंत ओल हटत नाही आणि ताण बसतच नाही. पण मुळ्या उघड्या करणं हे भारी जमिनीसाठी. मुरमात ते करू नका, तिथे पाणी तोडलं तरी पुरतं. आणि ताण हिवाळ्यातला असो, पावसाळ्यानंतरचा असो, एप्रिलच्या उन्हात उघडी मुळी दोन दिवसही ठेवू नये. पहिलं पाणी हलकं द्या, खत त्यासोबत, आणि लगेच पाचट परत ओढून घ्या.

जानेवारीत खत देऊनही आंबे बहाराची (जानेवारी-फेब्रुवारीत फुलावर आणायची) झाडं हलत नाहीत. खत बनावट होतं का?

असेलही, पण आधी मातीचं तापमान बघा. कडाक्याच्या थंडीत सकाळची माती १५ अंशांच्या खाली जाते. मुळी मंद, जीवाणू मंद. अमोनियाचं नायट्रेट सावकाश होतं आणि स्फुरद (फॉस्फरस) तर थंड मातीतून फारसा उचललाच जात नाही. कधी पानांवर जांभळट छटा येते ती त्यामुळे. चुनखडीत स्फुरद आधीच अडकलेला, वर थंडी. आठ-दहा दिवस थांबा. या काळात जाड आच्छादन थोडं विरळ केलं तर दिवसाचं ऊन मातीत उतरतं. हो, उन्हाळ्यात जे झाकतो तेच जानेवारीत थोडं उघडायचं.

थंडीच्या रात्री जमिनीलगत जास्त गारठा असतो ना?

असंच सर्वांना वाटायचं. याच रामदासांनी १९३२ मध्ये दाखवलं की निरभ्र, वारा पडलेल्या रात्री सर्वांत गार थर थेट मातीवर नसून तिच्या थोडा वर, वीत-दोन वितींच्या आसपास असू शकतो. शास्त्रात तो रामदास थर म्हणूनच ओळखला जातो. म्हणजे नेमका नव्या रोपाचा शेंडा असतो तिथे. पुण्यात १७ जानेवारी १९३५ला पारा १.७ अंशांवर गेला होता. तसं रोज होत नाही, पण शिरूर-बारामतीकडे दहाच्या खाली उतरणं नेहमीचं. अशा रात्रीआधी संध्याकाळी हलकं पाणी द्या. ओली माती दिवसाची ऊब जास्त साठवते आणि रात्री सोडते. लहान रोपांना गवताची टोपी करा, दक्षिण-पूर्व बाजू उघडी ठेवून.

सप्टेंबरच्या झडीनंतर कोवळी पानं पिवळी, शिरा हिरव्या. नत्र कमी पडलं?

नाही, लोह. चुनखडीच्या जमिनीत पाणी तुंबलं की मातीत बायकार्बोनेट वाढतं आणि झाडाला लोह उचलता येत नाही. नत्र कमी असतं तेव्हा आधी जुनी, खालची पानं पिवळी पडतात. फरक ओळखा आणि युरियाची गोणी खाली ठेवा. आधी चर काढून पाणी बाहेर घाला. माती श्वास घेऊ लागली की निम्मी झाडं आपोआप सावरतात, उरलेल्यांना लोहाची फवारणी.

नवे खड्डे कधी खणावेत?

एप्रिलमध्ये. खड्डा महिनाभर उघडा तापू द्या, मृगाआधी शेणखत-माती भरून ठेवा, एका पावसाने बसू द्या, मग रोप. इथे वडिलांचं म्हणणं शंभर टक्के लागू.

आंतरपीक घेऊ का?

बाग लहान असेपर्यंत जरूर. हुलगा, मटकी, चवळी. पावसाळ्यात माती झाकली जाते, धूप थांबते, थोडं नत्रही मिळतं. फक्त उन्हाळ्यात उभं राहणारं काही नको, ते झाडाच्या ओलीवर डल्ला मारतं. उताराच्या रानात ओळी आडव्या घ्या. वरची दोन बोटं माती वाहून गेली तर वर मांडलेला सगळा हिशेब ओढ्यात जातो.

माती तपासायला कधी द्यावी?

खत देण्याआधी, बहार संपल्यावर, ताणाच्या काळात. पहिल्या पावसानंतर लगेच घेतलेल्या नमुन्यात नत्राचा आकडा फुगलेला दिसतो, तो मनावर घेऊ नका. फळबागेसाठी एकच वरवरचा नमुना चालत नाही. एक फूट, दोन फूट, तीन फूट असे तीन थर वेगळे घ्या आणि वेगवेगळ्या पिशव्यांत भरा. मुक्त चुन्याचं प्रमाण तपासायला आवर्जून सांगा, न सांगितल्यास ते बऱ्याचदा राहून जातं. आणि नमुना शेणखताच्या रिकाम्या गोणीत नेऊ नका. दर वर्षी कुणीतरी नेतं.